लिंबाकडचा सात, फाटकाकडचा सात

दसऱ्यानंतरचा दुसरा रविवार, सकाळ. नांदेडचं जुनं मैदान, लिंबाची बाजू.

हजर: मी, लातूरहून. नूरजहाँ, इथलीच, शिवणकामाचं दुकान बंद ठेवून. यशोदा, निलंग्याजवळच्या गावाहून काल माझ्याकडे मुक्कामाला आलेली, सोबत भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा. व्यंकटी मुकादम, देगलूरकडचा, ठेकेदाराचा माणूस, आणि लोखंडी पहारी घेतलेली त्याची माणसं. साहेब, म्हणजे या कामावर देखरेख करणारे इंजिनिअर, येतो म्हणाले होते, आले नव्हते. मोरेबाई आता कुठल्याच हजेरीत नाहीत. विमल गैरहजर.

मी मंगल कार्यालय चालवते. वाढपी किती, आचारी आला का, टाकी भरली का, हे विचारल्याशिवाय माझा दिवस उजाडत नाही. तरी नूर हसलीच.

"अगे यादीबाई, तीन बायांची कसली हजेरी घेतीस? एक नजर टाकली की झाली."

"घेऊ दे तिला," यशोदा म्हणाली. "लग्नात नवरदेवाचीबी घेती ती. एकदा कमी भरला व्हता म्हणं."

हसण्यासारखं तिथे दुसरं काही नव्हतं. आमची पायरी समोर ढिगात पडली होती.

या मैदानाची दगडी गॅलरी निजामाच्या काळातली. काळा दगड, चुन्यातलं बांधकाम. मधोमध बक्षीस समारंभाचा ओटा, ओट्याच्या एका अंगाला कडुलिंब, दुसऱ्या अंगाला फाटक. सगळ्यात खालच्या पायरीला दोन्ही अंगांना नऊ-नऊ लांबट दगड. यंदा मैदानाचं सुशोभीकरण निघालं आणि ही खालची पायरी उचलायची ठरली, कारण तिच्याखालून गटार न्यायचं होतं. दगडांवर क्रमांक टाकून ते काढावेत आणि पुन्हा जसेच्या तसे बसवावेत, असं कागदावर लिहिलेलं होतं. कागद चांगला होता. कागद नेहमी चांगलाच असतो.

दगड काढायला दोन टोळ्या आल्या. व्यंकटीची देगलूरकडची टोळी लिंबापासून लागली, दुसरी निलंग्याकडची फाटकापासून. दोघांनी आपापल्या टोकाकडून एक, दोन, तीन असे आकडे टाकले, एकाच डब्यातल्या पांढऱ्या ऑइलपेंटने. दोन्ही टोळ्या मधे ओट्यापाशी भेटल्या, चहा प्यायल्या आणि सगळे दगड एका ढिगात टाकून मोकळ्या झाल्या. गटाराचं काम उरकलं, आणि आता ढिगात एक नंबरचे दोन दगड, दोन नंबरचे दोन, असं थेट नवापर्यंत. लिंबाकडचा कुठला आणि फाटकाकडचा कुठला, हे देवालाही सांगता येऊ नये.

देवाला नाही तरी चुन्याला सांगता आलं असतं. लिंबाकडच्या दगडांना मूळचा विटकरी चुना चिकटलेला होता, फाटकाकडच्यांना आमच्या शाळेच्या दिवसांत घातलेला पांढरा. पण वरून 'दगड स्वच्छ करा' असा निरोप आला. दगडांवर तेजाब ओतलं, तारेच्या ब्रशने पाठी घासल्या, पोटं घासली. चुना गेला. ऑइलपेंट मात्र राहिला. दगड सगळे एका मापाने घडवलेले, त्यामुळे कुठलाही कुठेही बसतो.

मग साहेबांनी निकाल दिला. मूळ क्रम सिद्ध होत नाही, तेव्हा 'जसेच्या तसे' असं लिहून सही करता येत नाही. सही होत नाही, तेव्हा दगड निरुपयोगी दाखवायचे. त्या जागी सिमेंटचे ब्लॉक, ब्लॉकवर रंगीत फरशी, आणि आमचे अठरा दगड फोडून चालण्याच्या ट्रॅकखाली भराव. ताट उष्टं झालं म्हणून पंगतच उठवायची, असा हा न्याय.

नूर रोज दुकानाला याच मैदानातून जाते. तिनेच फोन केला होता. "यादीबाई, आपली पायरी खडी होऊन राहिली. तू वऱ्हाडी मोजत बस तिकडं."

मी साहेबांना फोन लावला. म्हटलं, क्रम आम्ही सांगतो.

"मॅडम, तुम्ही कशा सांगणार?"

"बसून."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "अठराही दगड ओळखा, ओळखले असं लिहून सही द्या. शुक्रवारी वरिष्ठ पाहणीला येणार आहेत. त्याआधी झालं तर बघू."

खो-खोला मैदानात नऊ जणी उतरतात आणि लिंबाच्या सावलीला दगडही नऊच. मोरेबाई आमच्या खेळाच्या बाई. त्यांना हा मोठा शुभसंकेत वाटायचा. दर वेळी नव्या नऊ जणी निवडल्या की त्या लिंबापासून ओट्याकडे एकेका दगडावर एकेकीला बसवायच्या आणि म्हणायच्या, "हे तुझं आसन. मैदानात तुझी चूक झाली, तर इथं येऊन बसायचं आणि याला सांगायचं. मला सांगायचं नाही. मला ऐकायला वेळ नाही."

आम्ही खरंच सांगायचो. पुटपुटत, गुडघ्यात तोंड घालून. सकाळी तो दगड मांडीला गार लागायचा, दुपारी परकरातून चटका द्यायचा, संध्याकाळी मैदान गार झाल्यावरही बराच वेळ त्याच्यात ऊब राहायची. थंडीच्या दिवसांत आम्ही सरावानंतर त्या उबेसाठी घरी जायला उशीर करायचो. पावसाळ्याच्या तोंडाला लिंबाच्या पिकलेल्या निंबोळ्यांचा कडवट-गोड वास, बाजूच्या गल्लीतून येणारा चण्याच्या भट्टीचा वास, आणि वारा फिरला की गुरुद्वाऱ्याच्या लंगरमधल्या डाळीच्या फोडणीचा वास. भूक लागलेली असायची. कुठे जायचं हे पाय आपोआप ठरवायचे. नूर, मी, यशोदा, विमल, सगळ्या ओळीने लंगरच्या पंगतीत, डोक्यावर ओढणी, पायांना मैदानाची धूळ. वाढणारे बाबा आम्हाला ओळखायचे. "हारके आये या जीतके?" असं विचारायचे आणि उत्तर काहीही असलं तरी एक फुलका जास्त टाकायचे.

व्यंकटीने दगड ढिगातून काढून मैदानात जोडीजोडीने मांडले. एकाशेजारी एक, दोनाशेजारी दोन. आम्ही तिघी कमरेवर हात ठेवून बघत राहिलो. दिसायला सगळे सारखे. तेजाबाने काळा रंगही उडवला होता. राखुंडीने घासलेल्या तव्यासारखे दिसत होते.

"बसा की अक्का," व्यंकटी म्हणाला. तो तसा बरा माणूस. आकड्यांच्या गोंधळाबद्दल विचारलं, तर मान खाली घालून म्हणाला, "त्यांनी धापासून आकडे टाकायचे व्हते, न्हाई तर आमी. ठरलंच न्हाई. कोणी विचारलंच न्हाई हो."

कोणी विचारलंच नाही. या शहरात हे वाक्य फरशीवर कोरून चौकात लावायला हवं.

पहिली बसली यशोदा. एक नंबरचे दोन दगड. पहिल्यावर टेकली आणि लगेच उठली. दुसऱ्यावर बसली, बसल्या बसल्या उजवा हात दगडाच्या कडेखाली घातला, आणि तिच्या तोंडावर असं काही उमटलं की मी बघायचं सोडून दिलं. तिथे कडेला एक भोक आहे, करंगळी जाईल एवढं. एक नंबरचा दगड लिंबाच्या अगदी बुडाशी, म्हणून त्या भोकात मुंग्या असायच्या. यशोदा सामना चालू असताना त्यात गुळाचा खडा ठेवायची. जिंकलो की मुंग्यांमुळे, असं तिचं ठाम मत.

"ह्यो माजा," ती म्हणाली. "तेजाब वतलं तर वतलं मेल्यांनी, भोक कसं बुजवतील?"

माझा दगड तिसरा. त्याच्यावर नवकंकरीचा पट कोरलेला होता, कोणी कोरला ठाऊक नाही, आमच्या आधीच्या कुठल्या तरी मुलींनी. रेघा इतक्या झिजलेल्या की डोळ्यांना दिसत नव्हत्या. बोटांना लागल्या. मी आणि विमल त्यावर चिंचोके मांडून खेळायचो. ती तिच्या दगडावरून उठून माझ्याकडे यायची. मला तिच्याकडे जायची परवानगी नव्हती.

नूरचा चौथा. काळ्या दगडात पांढरी गारगोटी, लसणाच्या पाकळीएवढी. नूर ती रोज थुंकी लावून पुसायची आणि म्हणायची, हा हिरा आहे, माझ्या निकाहला काढून अंगठीत बसवणार. हिरा जागेवर होता. नूर खाली वाकली, पदराने पुसला आणि म्हणाली, "निकाह झाला, नातवंडं झाली, ह्याला न्यायचं राहूनच गेलं बघ."

बाकीच्या मुली कुणी पुण्याला, कुणी सुनेच्या बाळंतपणाला, एक तर या जगातच नाही. पण त्यांचे दगड आम्हाला ठाऊक होते, कारण सामन्यांच्या मधल्या वेळात आम्ही एकमेकींच्या दगडांवर, एकमेकींच्या मांड्यांवर लोळतच असायचो. पाचवा टाच आपटली की घंटेसारखा वाजायचा. अजून वाजला. नऊ नंबरच्या मधोमध पन्हाळीसारखा खोलगट भाग, त्यात पाणी साचायचं आणि चिमण्या यायच्या. व्यंकटीने बाटलीतलं पाणी ओतलं, आणि पाणी तिथे जाऊन थांबलं. दुसरा आणि सहावाही असेच सापडले, आणि जोडीतला एक आमचा ठरला की उरलेला आपोआप फाटकाकडचा.

आठव्यावरून मात्र भांडण झालं.

"हाच," यशोदा म्हणाली.

"अगे, हट! हा फाटकाकडचा हाय. आठव्यावर मी पाय सोडून बसायची, माझं काजळ सांडलं होतं त्याच्यावर."

"काजळ ऱ्हाईल व्हय इतकी वर्सं? डोस्क्यात शिवणयंत्र चालून राहिलं का तुज्या?"

"तुला तर एक नंबरच्या पुढं आकडेच येत नव्हते. मुंग्या सांगायच्या तुला."

दोघींचं वय एकदम चाळीस वर्षांनी उतरलं. मी शिट्टी आणलेली होती, पिशवीत कायम असते, ती वाजवली. दोघींना एकाच वेळी दोन्ही आठांवर बसवलं, मग अदलाबदल केली. नूरने डोळे मिटले. मग तिने यशोदाने आधी सांगितलेल्या दगडाकडेच बोट केलं. "हलतोय," ती म्हणाली. "डाव्या अंगाला हलतोय. आठवा हलायचा. माझं काजळ त्यानंच तर सांडलं."

हे सगळं चालू असताना मी फाटकाच्या बाजूला बघत होते. फाटकाकडची पायरी आमच्या आठवीत खचली होती आणि ती नव्याने बसवली तेव्हा आम्ही तिथेच होतो. मैदानाच्या कोपऱ्यात बैलाचा घाणा लावलेला. दगडी चाक गोल गोल फिरायचं, त्याखाली चुना, वाळू, आणि त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर. काही दिवस मुरल्यावर त्या चुन्याला आंबूस-गोड वास यायचा, बाळाच्या तोंडाला येतो तसा. छन्नीचा आवाज दोन तालांत चालायचा, एक पाथरवट जलद, दुसरा सावकाश, आणि आमच्या सरावाच्या उड्या नकळत त्या तालात पडायच्या.

पायरी बसली, तरी काम संपलं नव्हतं. चुना ओला राहायला हवा. मोरेबाईंनी पाणी मारायचं काम गवंड्यांकडून मागून घेतलं आणि आम्हाला दिलं. रोज सरावाआधी हौदावरून घागरी भरायच्या, मैदान ओलांडायचं, आणि धार धरून सांध्यासांध्यांवर पाणी सोडायचं. उन्हाने टाळू तापलेली, तोंड सुकलेलं. एखादी घागरीला तोंड लावायला गेली की बाईंचा आवाज, "आधी दगडाला, मग तोंडाला!"

आम्ही चिडायचो. आता वाटतं, त्या सांध्यांमध्ये आमचीच तहान घातलेली होती. ती घट्ट धरली. दगड काढताना फाटकाकडच्या टोळीच्या दोन पहारी वाकल्या, व्यंकटीने सांगितलं. आणि या नव्या कामाला पाणी कोण मारतं? वरच्या पायऱ्यांना सिमेंटचा गिलावा केलाय, त्याला दसऱ्याआधीच भेगा. विचारलं तर म्हणे टँकरचं कंत्राट वेगळं आहे. मैदानात नळ आहे. नळाखाली बादली आहे. बादलीशेजारी वॉचमन बसलेला आहे. पाणी मारण्याचं कंत्राट वेगळं आहे!

खेळाच्या दिवशी माझ्या आईलाही एक काम असायचं. आम्ही लिंगायत, आमच्या घरी गळ्यातलं लिंग अंगावरून उतरवत नाहीत. ते घेऊन खो-खो कसा खेळणार? आई लिंगाचा दोरा, शिवदारा, आखूड करायची, चांदीची डबी छातीशी धरून वरून जुन्या धोतराची पट्टी घट्ट गुंडाळायची आणि म्हणायची, "पळ, पण देवाला धडपडू देऊ नको." नूरची अम्मी तिच्या दंडावर ताईत बांधायची. यशोदाच्या कमरेला कुठल्या तरी मसोबाचा काळा दोरा. सामन्याआधी मोरेबाई ओळीने सगळ्यांच्या गाठी तपासायच्या. "आपापले देव नीट बांधा. मग शिट्टी."

विमलच्या अंगावर काही नसायचं. तिच्या गाठी तपासायला बाई आल्या, की ती हाताचे तळवे पुढे करायची. खांब धरून वळताना सोललेले तळवे. बाई म्हणायच्या, "हं. हे पुरेत."

विमल सातवी. सातव्या दगडावर बसायची आणि तिथे दुसऱ्या कुणाला टेकूसुद्धा द्यायची नाही. "उठ. माझा दगड गार होतो." दगड गार होतो म्हणून उठवणारी मुलगी मी दुसरी पाहिली नाही. ती धावायला लागली की मैदानाच्या भोवतीची माणसं बोलायची थांबायची. खांबाजवळ ती जमिनीला समांतर व्हायची, क्षणभर धूळ आणि ती वेगळी करता यायची नाही, आणि मग शिट्टी.

दहावीच्या वर्षी, जिल्ह्याच्या सामन्यांच्या तोंडावर, एका सकाळी मैदानाबाहेरच्या रस्त्याने एक जीप गेली. मागच्या बाजूला विमल बसलेली. हातभर हिरवा चुडा, कपाळावर मळवट. तिने आमच्याकडे बघितलं नाही, दगडांकडे बघितलं. जीप देगलूरच्या रस्त्याला लागली. धूळ बराच वेळ खाली बसली नाही. रेल्वेची शिट्टी झाली, घंटा झाली, शाळा भरली.

हेडसर मैदानावर आले. "मोरेबाई, दुसरी मुलगी बसवा तिच्या जागी. आकडा पूर्ण झाला म्हणजे झालं."

बाई म्हणाल्या, "मैदानात बसवते. पायरीवर नाही बसवणार."

आणि त्या वर्षभर सातवा दगड रिकामा राहिला. राखीव मुलगी मैदानात विमलच्या चौकोनात बसायची, पण पायरीवर ती वरच्या ओळीत. सहावी आणि आठवी यांच्यामधे एक दगडभर ऊन असायचं. आम्ही त्याच्याकडे बघायचो. हात कुणी लावला नाही.

म्हणूनच या रविवारी आम्ही तिघी सात नंबरच्या दोन दगडांपुढे नुसत्या उभ्या राहिलो. लिंबाकडचा सात कुठला? एका दगडाला कोपऱ्यात बारीक कपचा उडालेला, दुसऱ्याच्या अंगावर फिकट शीर. आम्हाला दोन्ही सारखेच परके. जागा पाठ होती, दगड पाठ नव्हता. त्यावर बसलेली एकच.

तेवढ्यात साहेब आले. गॉगल डोक्यावर, हातात गाडीची किल्ली. सोळा दगड ओळखलेले बघून त्यांना बरं वाटलं असावं, कारण फोटो काढले. मग सातांच्या जोडीकडे वळले.

"यातला कुठलाही टाका, मॅडम. एक इकडे, एक तिकडे. सही करा, संपवून टाकू."

"कुठलाही कसा टाकता?" मी म्हटलं. "मूळ क्रम सिद्ध होत नाही म्हणून तुम्ही अख्खी पायरी फोडायला निघाला होतात. बुधवारी. फोनवर. मी ऐकलं ते."

"अहो, ते टेक्निकली. आता एकाच दगडाचा प्रश्न आहे. कोण बघायला येणार आहे?"

"आम्ही आलोय की," यशोदा म्हणाली. "दिसून न्हाई राहिलो का तुमाला?"

नूरने मला बाजूला ओढलं. तिचा आवाज खरोखर काळजीचा होता. "सही कर. सोळा मिळाले ना? शुक्रवारी साहेब लोक येतील, हा म्हणेल बाया ऐकत नाहीत, आणि सगळंच जाईल. तूच म्हणतीस ना, दोन ताटं कमी पडली म्हणून पंगत उठवत नाहीत. मला रोज इथनं जावं लागतं. मला ती रंगीत फरशी बघायची नाही."

ती बरोबर बोलत होती. माझ्या कार्यालयात असता तर मी हाच निर्णय घेतला असता, आणि दुसऱ्या कामाला लागले असते. साहेबांनी पेन पुढे केलं. मी हातात घेतलं. "घ्या, इथं. आकडा पूर्ण होतोय, आणखी काय पाहिजे?" ते म्हणाले.

आकडा पूर्ण होतोय.

मी पेन परत दिलं. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, कारण वॉचमन बादलीजवळून उठून बघायला लागला. म्हटलं, त्या जागेवर एकदा हेच ऐकवून झालंय. तेव्हा आम्ही परकर-पोलक्यातल्या पोरी होतो, आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि जिची जागा होती तिला तर नाहीच. आता मी सही करणारी आहे. मला विचारावं लागेल. सतरावा आणि अठरावा ओळखल्याशिवाय मी ओळखले असं लिहून देणार नाही. सोळा बसवा. दोन्हीकडे सातवी जागा उघडी ठेवा.

"शुक्रवारी तिथे खड्डे दिसतील, मॅडम!"

"दिसू द्या."

"मग मी ब्लॉक टाकून बुजवीन. दोन्ही. गुरुवारी संध्याकाळी." गॉगल डोळ्यांवर आला. "माझा नाइलाज आहे."

ते गेले. व्यंकटीने माणसांना खूण केली आणि दगड उचलायला लागला. पहिला बसला, दुसरा बसला. पहारेचा दगडावर होणारा आवाज छन्नीसारखा नाही, पण डोळे मिटले तर चालून जातो. नूर माझ्याकडे पाठ करून बसली. यशोदाने डबा उघडून भाकरी तिच्या पुढ्यात ठेवली. "खा. भांडायला बळ लागतंय." नूरने खाल्ली. मग म्हणाली, "फोन लाव तिला. माझ्याकडे बघत काय बसलीस?"

विमलचा नंबर मी गेल्याच आठवड्यात मिळवला होता. आधी तीनदा लावला होता, तिन्ही वेळा तिच्या मुलाने घेतला. "आई शेतात हाय. दगडाचं काय काम आईला?" आता चौथ्या वेळेला तिनेच घेतला. मी नाव सांगितलं. पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट, कुणीतरी तेलुगूत ओरडत होतं, आणि मग तिचा आवाज, जाड झालेला, पण शब्द तसेच तोडून टाकणारा.

"सातवा? अजून हाय व्हय माझा?"

"दोन आहेत. कुठला तुझा ते कळत नाही. एकाचा कोपरा उडालाय, दुसऱ्याला शीर आहे. सांग."

"मला न्हाई ठाव. मी काय बघून बसत व्हते?"

"मग ओळखायचा कसा?"

"बसल्याबिगर कसं सांगू गं?" ती म्हणाली. मग, "माझे गुडघे गेले. बसले तर उठायची न्हाई मी."

नूर फोनवर तोंड घालून ओरडली, "खो देऊ आम्ही! उठशील!"

पलीकडून आलं ते हसणं होतं की दुसरं काही, ते कोंबड्यांच्या आवाजात नीट कळलं नाही. फोन ठेवताना ती एवढंच म्हणाली, "त्याला आत्ता ऊन हाय का सावली?"

मी वळून बघितलं. लिंबाची सावली सहाव्यावरून सरकत उघड्या जागेच्या काठापर्यंत आली होती.

दुपारपर्यंत सोळा दगड बसले. आम्ही तिघींनी नळाखालच्या बादलीने सांध्यांना पाणी मारलं. वॉचमन नको म्हणाला, मग तोच दुसरी बादली शोधून आला. नूरने ओंजळ तोंडाकडे नेली आणि यशोदाने तिच्या हातावर चापट मारली. "आधी दगडाला!"

सात नंबरचे दोन्ही दगड लिंबाखाली शेजारी शेजारी ठेवलेत, गोणपाटाने झाकून. व्यंकटीने बजावलंय, कुणी त्यावर बसायचं नाही. नूर येता-जाता लक्ष ठेवणार आहे.

बाकी काम: गुरुवारच्या आत देगलूरला जाऊन विमलला आणणे.